घुमटाला हालायला जागा ठेवा

घरी विमान बांधणारी माणसं एकमेकांना भेटली की पहिल्या दोन वाक्यांतच प्रश्न येतो, "कॅनॉपी झाली का?" पंख, शेपूट, इंजिन यांची चौकशी नंतर. पत्र्याच्या कामात चूक झाली तर रिव्हेट काढून तेवढा पत्रा बदलता येतो. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक घुमटाला, तडा गेला तर तो अख्खा नवा मागवावा लागतो. तो पलंगाएवढ्या खोक्यातून ट्रकने येतो आणि हजार डॉलरांच्या वर खर्च होतो. त्यामुळे कितीतरी जण हे काम महिनोनमहिने पुढे ढकलतात आणि शेवटी एका शनिवारी घाईघाईत करायला घेतात. ढकलू नका आणि घाईही करू नका, एवढ्यासाठी हा लेख आहे.

मी शिकागोजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७ हे दोन आसनी विमान सुट्या भागांच्या किटमधून बांधलं. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी आणि हौसेखातर केलं असेल तर अशा विमानाला 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात परवाना मिळतो. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत. २०१६ साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते विमान पाहिलं. पुढचं सगळं मी आरव्ही डोळ्यांपुढे ठेवून सांगतो आहे. तुमच्या किटच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

आपण 'काच' म्हणतो ती काच नसते. ते असतं ॲक्रिलिक. जर्मनीत १९३३ साली 'प्लेक्सिग्लास' या नावाने ते बाजारात आलं, इंग्लंडमध्ये त्याचं नाव पडलं 'पर्स्पेक्स'. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॅनॉपी फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचे कण गेले, तेव्हा डोळा ते कण सहन करतो हे हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं. १९४९ साली त्याने मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात त्याच पदार्थाचं भिंग बसवलं. आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांतल्या भिंगाचं मूळ असं एका कॅनॉपीत आहे. हे वाचून कोणी चष्म्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा पहिल्या भोकापासून हवाच.

या पदार्थाचे दोन स्वभाव ओळखले की निम्मं काम सोपं होतं. पहिला, थंडीत तो ठिसूळ होतो. दुसरा, ऊन-थंडीने तो धातूपेक्षा फार जास्त फुगतो आणि आकसतो. तापमान ४० अंश सेल्सिअसने बदललं तर एक मीटर ॲक्रिलिक साधारण २.८ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम मात्र ०.९ मिलिमीटरच. जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक! हिवाळ्यातल्या हँगरपासून उन्हात तापलेल्या डांबरी धावपट्टीपर्यंत हा बदल विमान दर वर्षी सोसतं. घुमट आणि सांगाडा एकमेकांना घट्ट आवळले असतील तर तो फरक जाणार कुठे? तो भोकाच्या कडेला तडा होऊन बाहेर पडतो. कधी काम करताना, कधी पहिल्या हिवाळ्यात, तर कधी तीन वर्षांनी. पुढची प्रत्येक सूचना एकाच गोष्टीसाठी आहे: घुमटावर कुठेही ताण नको, आणि त्याला हालायला जागा हवी.

सुरुवात खोलीच्या उबेपासून करा. खोली निदान २५ ते २७ अंश असल्याशिवाय कापायला किंवा भोक पाडायला घेऊ नका. नुसती हवा गरम होऊन भागत नाही, घुमट स्वतः गरम व्हायला हवा. मी तेलाचे दोन बंदिस्त हीटर घुमटाखाली ठेवून तीन तास थांबायचो. उघड्या ज्वाळेचा हीटर किंवा हेअर ड्रायरसारखी गरम हवेची बंदूक जवळ आणू नका. १०० अंशांच्या आसपास हा पदार्थ मऊ पडायला लागतो आणि एकदा आकार बिघडला की गेला. मधल्या तापमानाला भोकं पाडण्याचा आणखी एक फायदा आहे. उन्हाळ्यात घुमट एका दिशेला सरकेल आणि हिवाळ्यात दुसऱ्या, म्हणजे तो दोन मिलिमीटरचा फरक दोन्हीकडे वाटला जातो. मध्यापासून मोजलं तर प्रत्येक टोकाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हालचाल उरते. तेवढी सूट भोकात ठेवता येते.

घुमट येतो तेव्हा त्याच्या कडेला साच्यात धरलेली जाड पट्टी असते. ती आधी कापून टाका, पण फेकू नका. तोच तुमचा सरावाचा माल. त्या पट्टीत मी पहिल्या दिवशी चाळीसेक भोकं पाडली, मुद्दाम चुकीचं बिट लावून दोन तडेही पाडले. तडा जाण्याआधी ड्रिलचा आवाज कसा बदलतो हे कानाला कळलं. हा सराव टाळणाऱ्यांना मी नेहमी अडवतो.

कापण्यासाठी जिगसॉ वापरू नका. तिच्या दातांचे हिसके ॲक्रिलिकला सोसत नाहीत. लहान व्यासाची घासून कापणारी चकती डाय ग्राइंडरला लावा. एका दमात आरपार जाऊ नका. रेषेवरून तीन-चार फेऱ्या करा, दर फेरीला थोडं खोल जा. सगळ्यात मोठा काप म्हणजे घुमटाचे दोन तुकडे करायचा, पुढची विंडशील्ड आणि मागचा सरकता भाग. तिथे कापत पुढे जाताना मागच्या कापावर दर वीतभर अंतरावर मजबूत चिकटपट्टी लावत चला, नाहीतर शेवटच्या दोन-तीन इंचांत सुटलेला भाग आपल्या वजनाने लोंबतो आणि तिथून चिरतो. या वेळी दुसरं माणूस हवंच. माझ्या बायकोने तासभर दोन्ही हातांनी घुमट तोलून धरला होता. काप संपल्यावर मी हुश्श म्हणून उचलायला गेलो, तेव्हा तीच म्हणाली, "थांब, आधी कड घास." बरोबर होतं तिचं. नुकत्याच कापलेल्या कडेवर बारीक खाचा असतात आणि प्रत्येक खाच म्हणजे तड्याची सुरुवात. घुमट हलवण्याआधी, वाकवण्याआधी कड खरडून घ्या, मग २२० नंबरचा सँडपेपर, मग ४००. बोट फिरवल्यावर कुठेही अडकता कामा नये. नेम धरून एकदम रेषेवर कापण्यापेक्षा रेषेच्या बाहेर पाच-सहा मिलिमीटर राहून उरलेलं घासून आत येणं केव्हाही बरं.

आता सांगाडा. इथे नवखे लोक सर्वांत जास्त फसतात. नळ्यांचा सांगाडा आणि घुमट कधीच हुबेहूब जुळत नाहीत. आपला हात लगेच क्लॅम्पकडे जातो. दाबलं की बसतं, दिसायलाही छान दिसतं. पण दाबून बसवलेला घुमट दिवसरात्र वाकलेल्या स्थितीत राहतो. वाकवायचा तो सांगाडा. घुमटाला हात लावायचा नाही. सांगाडा थोडा वाकवा, घुमट ठेवून पाहा, उचला, पुन्हा वाकवा. मला या ठेव-उचलीत तीन शनिवार-रविवार गेले आणि त्या वेळेचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. एकही क्लॅम्प न लावता घुमट आपल्या वजनाने नीट टेकला पाहिजे. तरीही जी फट उरेल तिथे पातळ पट्टी किंवा इपॉक्सीचा भराव द्या, घुमट ओढून फट बुजवू नका.

भोकांकडे येऊ. साध्या ड्रिल बिटचं टोक ११८ अंशांचं असतं आणि त्याची धार पत्र्यात चावा घेण्यासाठी असते. ॲक्रिलिकमध्ये ती आरपार जाताना पकडते आणि खालच्या बाजूने टवका उडवते. प्लॅस्टिकसाठीचं बिट वेगळं मिळतं. त्याचं टोक ६० अंशांच्या आसपास निमुळतं असतं आणि धार बोथट केलेली असते, म्हणजे ते चावत नाही, खरवडतं. तेच घ्या. खाली लाकडाचा ठोकळा टेकवा. हाताचा दाब कमी, वेग बेताचा. काम बरोबर चाललं असेल तर बिटभोवती खवलेल्या खोबऱ्यासारखा पांढरा भुगा सुटतो. भुग्याऐवजी चिकट दोरे यायला लागले तर बिट तापलंय, थांबा. टिकटिक ऐकू आली तर लगेच थांबा. बाहेर पडण्याच्या क्षणी दाब जवळजवळ शून्यावर आणा. शेवटचा अर्धा मिलिमीटर बिटला स्वतः उतरू द्या.

आधी सगळी भोकं लहान पाडायची, घुमट आणि सांगाडा एकत्र धरून. मध्यापासून सुरुवात करून एकेक भोक डावीकडे, एकेक उजवीकडे असं बाहेर जायचं. प्रत्येक भोकात क्लेको, म्हणजे दोन्ही थर तात्पुरते जुळवून धरणारी खिट्टी, अडकवायचा. सगळं जुळलं की घुमट काढून घ्यायचा आणि फक्त त्याच्यातली भोकं पायऱ्यापायऱ्यांच्या बिटने मोठी करायची. १/८ इंचाचं रिव्हेट असेल तर ॲक्रिलिकमधलं भोक ५/३२ इंचाचं. म्हणजे रिव्हेटच्या चहूबाजूंनी ०.४ मिलिमीटर सूट राहते, वर हिशेब केला त्याच्या जवळपास. भोकाच्या दोन्ही तोंडांची धार हाताने हलकेच मोडा. स्क्रू वापरत असाल तर ते आवळण्याची सवय सोडा. स्क्रू टेकला, अगदी थोडा फिरला, बस्स.

माझ्याकडून तडा गेलाच. मार्चचा महिना, बाहेर बर्फ वितळत होता. शेवटची सहा भोकं मोठी करायची राहिली होती. सकाळी हीटर लावायचा कंटाळा केला. म्हटलं, सहाच तर आहेत. चौथ्या भोकाला तोंडात चणा फुटावा तसा आवाज आला. भोकापासून कडेकडे अंगठ्याच्या नखाएवढी चंदेरी रेष. मी ड्रिल खाली ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसलो. तुमच्यावर ही वेळ आली तर घुमट उचलून फेकू नका. तडा कडेजवळ असेल आणि पुढे पत्र्याच्या किंवा फायबरग्लासच्या पट्टीखाली झाकला जाणार असेल तर बहुधा वाचवता येतो. खोली गरम करा. तड्याच्या नेमक्या टोकाला, शेवट भिंगातून शोधून, एक लहान गोल भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं तीक्ष्ण असतं आणि सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकाच्या कडेवर तो पसरतो आणि तडा थांबतो. मग ॲक्रिलिक जोडण्याचं पातळ सिमेंट थेंबाथेंबाने तड्यात सोडा, ते आपोआप आत शोषलं जातं. माझी रेष गेली चार वर्षं तिथेच आहे, केसभरही पुढे सरकलेली नाही. तडा नजरेच्या टप्प्यात, घुमटाच्या मध्यभागी असेल तर मात्र नवीनच मागवा.

भोकं पाडायचीच नसतील तर दुसरा मार्ग चिकटवण्याचा. बरेच जण सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही हा काळा लवचीक चिकटपदार्थ वापरतात. नवीन विमान बांधायला घेतलं तर मीही हाच मार्ग धरेन. भोक नाही तर भोकातून तडा नाही, आणि रबरासारखा थर घुमटाचं फुगणं-आकसणं स्वतःच्या अंगावर घेतो. पण मग त्या थराला जाडी हवी. सांगाडा आणि घुमट यांच्यामध्ये सुमारे तीन मिलिमीटरचे छोटे ठोकळे ठेवून अंतर राखा. दाबून पातळ केलेला थर लवचीक राहत नाही. दोन्ही पृष्ठभाग खरवडून, त्याच कंपनीचा प्रायमर सांगितल्या वेळेइतका वाळवून मगच चिकटवा. उन्हाळ्यात तासाभरात वर साय धरते, म्हणून सगळं आधी कोरडं बसवून, खुणा करून, चिकटपट्ट्या लावून तयार ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही.

विंडशील्डचा पायथा विमानाच्या नाकाला मिळतो तिथली फायबरग्लासची गोलाई हे कॅनॉपीतलं सर्वांत दिसणारं काम. लोक विमानापाशी येऊन उभे राहतात तेव्हा त्यांची नजर आधी याच रेषेवर जाते. इथे राळ इपॉक्सीचीच घ्या. पॉलिएस्टर राळेतला स्टायरीन ॲक्रिलिकला खातो. घुमटावरची वरची सीमारेषा ताणली जाणारी काळी इलेक्ट्रिकल टेप लावून आखा. लावल्यावर चार पावलं मागे जाऊन, उकिडवं बसून, दोन्ही बाजूंनी बघा. मी ती टेप सात वेळा काढून लावली. मग तिच्यावर तीच टेप आणखी दोन थरांत चढवा आणि टेपच्या वरचा सगळा घुमट कागदाने आणि पुठ्ठ्याने झाकून टाका. टेपच्या खालचा भाग ८० किंवा १०० नंबरच्या सँडपेपरने पांढरा होईपर्यंत खरवडा. मन होत नाही, नव्या कोऱ्या पारदर्शक घुमटावर सँडपेपर फिरवायला हात धजत नाही, पण गुळगुळीत पृष्ठभागावर इपॉक्सी धरत नाही.

पहिल्या थराच्या इपॉक्सीत काळा रंग मिसळा. आत बसल्यावर घुमटातून या थराची पाठ दिसते. रंग विसरलात तर आयुष्यभर कापडाची पिवळट वीण आणि हवेचे फुगे बघत बसाल. कापडाच्या पट्ट्या तिरप्या कापा म्हणजे गोलाईवर सुरकुती पडत नाही. आधी अरुंद, मग रुंद, असे पाच-सहा थर. वर मायक्रोबलून, म्हणजे पोकळ गोळ्यांची हलकी पूड, मिसळलेली मऊ लुकण. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, श्रीखंडाएवढी घट्ट झाली की ती घसरत नाही. वाळली की प्लॅस्टिकच्या गोल नळीला सँडपेपर गुंडाळून लांब हात मारत घासा, नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. घासता घासता टेपचा काळा रंग दिसला की थांबा आणि टेप हळूच मागे दुमडत ओढून काढा. खाली वस्तऱ्याने कापल्यासारखी रेष निघते. तो क्षण मला पहिल्या उड्डाणाइतका आठवतो.

रंगाऱ्याकडे विमान देणार असाल तर त्याला तोंडी सांगा आणि घुमटाच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवा: थिनर नाही, ॲसिटोन नाही, रंग उतरवणारं कुठलंही रसायन नाही. या द्रवांच्या नुसत्या संपर्काने, विशेषतः ताण असलेल्या जागी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात आणि त्या घासून जात नाहीत.

ओरखडे मात्र जातात. अतिबारीक कापडी पॉलिश पेपरचा संच मिळतो, १५०० पासून १२००० नंबरापर्यंत. पाणी लावून, प्रत्येक नंबर आधीच्याच्या आडव्या दिशेने चालवायचा. ओरखड्यापेक्षा बराच मोठा भाग घ्या. एकाच ठिकाणी घासलं तर तिथे खळगा होतो आणि त्यातून धावपट्टी वाकडी दिसते. समोर पाहण्याच्या जागेत खोल ओरखडा असेल तर घाई न करता आधी सरावाच्या पट्टीवर हात बसवा.

आता कडीबद्दल. कॅनॉपीचं काम संपवण्याच्या नादात तिच्या बंद होण्याकडे दुर्लक्ष होतं. कडी अर्धवट लागून उड्डाणात कॅनॉपी उघडल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि त्यात विमान बहुतेक वेळा उडण्याजोगंच असतं. वाऱ्याच्या आवाजाने घाबरलेला वैमानिक ती बंद करायला जातो आणि विमान चालवायचं विसरतो, तिथे घात होतो. म्हणून दुसरी, वेगळी कडी बसवा. मुख्य कडी पूर्ण लागली नसेल तर पॅनेलवर लाल दिवा पेटेल असा छोटा स्विच लावा. निघण्यापूर्वीच्या यादीत 'कडी' हा शब्द लिहा आणि प्रत्येक वेळी तळहाताने कॅनॉपी वर ढकलून पाहा. विमान उलटं पडलं तर घुमट फोडून बाहेर पडायला हात पोचेल अशा जागी फोडण्याचं हत्यार घट्ट बसवून ठेवा.

कामात अडलात तर ईएए, म्हणजे १९५३ पासून हौशी विमानबांधणाऱ्यांना धरून राहिलेली संघटना, तिच्या शाखांतून अनुभवी सल्लागार घरी येऊन काम पाहून जातात, पैसे न घेता. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला उन्हाळ्यात तिचा मोठा मेळावा भरतो. तिथे रांगेने उभ्या असलेल्या शेकडो आरव्हींच्या कॅनॉपींच्या कडा मी एक अख्खा दिवस वाकून वाकून पाहिल्या आणि मालकांना प्रश्न विचारले. एकानेही कंटाळा केला नाही.

पुसण्याचं मी खूप आधी शिकलो होतो, पुण्यात, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर. शाळेत असताना आम्ही सायकलवरून तिथे जायचो. तिथले एक प्रशिक्षक ग्लायडरच्या कॅनॉपीवर आधी भरपूर पाणी ओतायचे आणि नुसत्या तळहाताने धूळ सोडवायचे. हाताला खडा लागला की कळतो, फडक्याला कळत नाही, असं ते सांगत. मग मऊ सुती कापड, साबणाचं सौम्य पाणी, आणि पुढून मागे सरळ हात. गोल गोल नाही, कारण गोल ओरखडे सूर्यासमोर चकाकतात. घरातलं अमोनियावालं काच पुसायचं द्रव्य तर हँगरमध्ये ठेवूच नका, कोणीतरी मदत म्हणून उचलून पुसतं. उन्हात उभं केलेलं विमान पांढऱ्या, आतून मऊ अस्तराच्या आवरणाने झाका, आणि आवरण घालण्याआधी घुमटावरची धूळ पाण्याने काढा. कॅनॉपी उघडी टाकून उन्हात विमान सोडून जाऊ नका. तिच्या गोलाईतून ऊन एका ठिकाणी गोळा होतं आणि आसनाचं कापड जळतं. हडपसरला एका ग्लायडरच्या गादीवर रुपयाएवढा काळा डाग होता, तो प्रशिक्षकांनी आम्हा मुलांना बोट लावून दाखवला होता.